वायपोआचे वन आणि एका व्यापाराचा ताळेबंद

ऑकलंड शहरातून उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाला टेकड्यांच्या उतारांवर जी झाडे रांगेने उभी दिसतात, ती न्यूझीलंडची नव्हेतच. तो रेडिएटा पाईन होय. त्याचे मूळ घर कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा. एकोणिसाव्या शतकात माणसाने तो येथे आणला आणि आज या देशातील लागवडीच्या वनांपैकी सुमारे ९० टक्के क्षेत्र त्याने व्यापले आहे. कांडला बंदरात ‘न्यूझीलंड पाईन’ या नावाने उतरणारे आणि गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरले जाणारे लाकूड ते हेच. लाकडाच्या व्यवसायातील आपल्या अनेक कुटुंबांना ते नाव चांगले परिचित आहे. परंतु त्या भूमीचे स्वतःचे जे झाड, ज्याच्या जिवावर तेथील व्यापार एकेकाळी उभा राहिला, ते पाहायचे तर पश्चिम किनाऱ्याजवळून जाणारा राज्य महामार्ग क्रमांक १२ धरावा लागतो. ऑकलंडपासून सुमारे २०० किलोमीटरवर हा रस्ता अरुंद होतो, वळणे घेऊ लागतो आणि वायपोआच्या वनात शिरतो. हे कौरी वृक्षांचे वन.

रस्त्यापासून काही मिनिटांच्या पायवाटेवर ‘ताने माहुता’ उभा आहे. माओरी भाषेत या नावाचा अर्थ ‘वनाचा स्वामी’. उंची साधारण ५० मीटर आणि खोडाचा घेर १३ मीटरांहून अधिक. वय नेमके कोणीच मोजलेले नाही. अंदाज १,२५० वर्षांपासून २,५०० वर्षांपर्यंत जातात. खोड राखाडी, गुळगुळीत आणि वर जाताना फारसे निमुळते न होणारे. पहिली फांदी फुटते ती पाच मजली इमारतीच्या उंचीवर. कौरीची साल खपल्या-खपल्यांनी गळून पडते, त्यामुळे वेलींना खोडावर पकड मिळत नाही. मात्र वर, फांद्यांच्या बेचक्यांत, नेचे, ऑर्किड आणि झुडपे यांची एक निराळीच बाग फुललेली असते. याच वनात ‘ते माटुआ न्गाहेरे’, म्हणजे ‘वनाचा पिता’, उभा आहे. उंचीने तो कमी, पण घेराने ताने माहुताहूनही मोठा.

माओरी कथेनुसार आकाश हा पिता आणि पृथ्वी ही माता. दोघे एकमेकांना घट्ट बिलगून होते आणि त्यांची मुले मधल्या अंधारात कोंडली होती. तेव्हा ताने या पुत्राने पाठ पृथ्वीला टेकून पायांनी आकाश वर ढकलले आणि जगात उजेड आला. कौरीच्या त्या सरळ खोडाखाली उभे राहून वर पाहिले की ही कथा येथेच का सुचली असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कुळाचा शोध

शालेय भूगोलात अशा वृक्षांना ‘सूचिपर्णी’ म्हणतात. म्हणजे सुईसारख्या पानांचे. देवदार आणि चीड यांना हे नाव शोभते. कौरीला मात्र ते लागू पडत नाही. त्याचे पान चपटे, जाड आणि चिवट असते. तरीही तो देवदाराच्याच मोठ्या गटातला, कारण वनस्पतिशास्त्र येथे पान पाहत नाही, बीज पाहते. या वृक्षांना फूल नाही आणि फळही नाही. खवल्यांच्या शंकूत उघडे बीज असते. म्हणून ‘शंकुधारी’ हे नाव अधिक नेमके. जैन शास्त्रकारांनी वनस्पतिकायाचे प्रत्येक आणि साधारण असे भेद केले, ते एका शरीरात किती जीव नांदतात या कसोटीवर. आधुनिक वनस्पतिशास्त्राची कसोटी नात्याची आहे: कोणाचा पूर्वज कोण आणि कोणाचे घर कोठून फुटले.

या नात्याच्या शोधात एक नवलाची गोष्ट हाती येते. देवदार, चीड, फर, स्प्रूस यांचे पाईनचे कुळ हे जगातील शंकुधारी वृक्षांचे सर्वांत मोठे कुळ; पण ते जवळजवळ पूर्णपणे उत्तर गोलार्धाचे आहे. त्याची फक्त एक जाती सुमात्रा बेटावर विषुववृत्त ओलांडून किंचित दक्षिणेला उतरते. तेथून पुढे, माणसाने नेऊन लावले नाही तर, पाईन नाही. दक्षिण गोलार्धात शंकुधारी वृक्षांची गादी दुसऱ्याच घराण्यांकडे आहे.

पहिले घराणे अराउकेरियाचे. त्यात आज तीनच वंश उरले आहेत. कौरी ज्यातला, तो अगॅथिस. दुसरा अराउकेरिया, याच्या सुमारे २० जातींपैकी १४ एकट्या न्यू कॅलिडोनिया या छोट्याशा बेटावर आहेत. तिसरा वॉलेमिया. हा केवळ जीवाश्मांतून ओळखीच्या वृक्षांचा आप्त. १९९४ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वायव्येस एका खोल घळीत डेव्हिड नोबल या वनाधिकाऱ्याला तो जिवंत सापडला. नैसर्गिक अवस्थेतील त्याचे मोठे वृक्ष शंभरही नाहीत. २०१९-२० च्या भीषण वणव्यात ती घळ वाचवण्यासाठी अग्निशामक दलाने विशेष मोहीम राबवली, आणि झाडे वाचली.

दुसरे घराणे पोडोकार्पचे. या ग्रीक नावाचा अर्थच ‘पायावरचे फळ’. येथे शंकू आटून गेला आहे. बीज एका मांसल, बहुधा रंगीत देठावर बसते, पक्षी तो देठ खातात आणि बीज दूर नेऊन टाकतात. न्यूझीलंडमधील रिमू, तोतारा आणि काहिकातेआ हे वृक्ष याच कुळातले. तोताराच्या एका खोडातून माओरी लोक लांबलचक युद्धनौका कोरीत. काहिकातेआच्या लाकडाला वास नसतो, म्हणून लोणी परदेशी पाठवण्याच्या पेट्यांसाठी त्याची वने संपवली गेली. तिसरे घराणे सायप्रसच्या कुळाची दक्षिणी शाखा. चिली देशातील अलेर्से हा तिचा मानकरी. १९९३ साली त्याच्या एका बुंध्यावर ३,६२२ वार्षिक कडी मोजली गेली.

चिली, ऑस्ट्रेलिया, न्यू कॅलिडोनिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका: मध्ये महासागर पसरलेले असताना ही घराणी इतक्या दूरदूरच्या भूमींवर कशी? काही बीजे वारा, पाणी आणि पक्षी यांनी पोहोचवली असतील. पण मूळ कारण जुन्या वाटणीचे आहे. एकेकाळी हे सर्व भूखंड एकाच महाखंडात होते. १८८५ साली ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडवर्ड स्यूस यांनी त्याला ‘गोंडवनलँड’ म्हटले. हे नाव आपल्या घरचे आहे. मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून तेथील खडकांना गोंडवन हे नाव मिळाले होते. चंद्रपूर आणि नागपूरकडील कोळसा त्याच खडकांत आहे. भारतही त्या एकत्र कुटुंबाचा सदस्य होता. कच्छच्या ज्युरासिक काळातील खडकांत अराउकेरियाच्या कुळाशी नाते सांगणारे जीवाश्म सापडतात. त्यांतील एका जातीला कच्छचेच नाव दिले गेले आहे. ज्या भूमीतून आपले अनेक व्यापारी दर्यापार गेले, त्या भूमीवर कौरीचे भाऊबंद उभे होते. आज आपल्याकडे बंगल्यांच्या अंगणात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून अराउकेरिया लावतात, ती मात्र पाहुणी मंडळी. दक्षिण भारतात आपणहून उगवणारा शंकुधारी वृक्ष आता एकच उरला आहे: पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडील सदाहरित वनांतला नागेया. तो पोडोकार्प कुळातला.

मुळावर घाव

माणूस न्यूझीलंडमध्ये येण्यापूर्वी कौरीची वने सुमारे १२ लाख हेक्टरांवर होती. माओरींच्या काळातही काही वने जळाली. परंतु झाड तोडण्यापूर्वी तानेची अनुज्ञा मागणारी प्रार्थना म्हणण्याचा त्यांचा रिवाज होता. राता नावाच्या एका तरुणाची कथा ते सांगतात. नौकेसाठी त्याने विधी न करताच झाड पाडले. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो झाड पुन्हा उभे! रात्रीतून वनातल्या पक्ष्यांनी आणि कीटकांनी एक-एक ढलपी जागच्या जागी बसवून ते उभे केले होते. त्याने क्षमा मागितली, तेव्हाच त्याला नौका मिळाली.

युरोपीय व्यापाऱ्यांना अशी अनुज्ञा मागावी लागली नाही. प्रथम आले ते ब्रिटिश नौदल, डोलकाठ्यांसाठी. एवढे सरळ आणि गाठी नसलेले लाकूड त्यांना दुसरीकडे मिळत नव्हते. मग करवती, बैलजोड्या आणि गिरण्या आल्या. डोंगरी ओढ्यांवर लाकडी बंधारे घालून पाणी अडवायचे, त्यात ओंडके सोडायचे आणि एका झटक्यात बंधारा उघडून सारे लोंढ्याबरोबर समुद्राकडे लोटायचे, अशी पद्धत होती. त्यात ओंडकेही फुटत आणि ओढ्याचा तळही खरवडून निघे. सिडनीची घरे या लाकडाने बांधली गेली. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को पुन्हा उभे करतानाही कौरी वापरला गेला. जे तोडले नाही त्यातले बरेचसे कुरणांसाठी जाळले. ‘काइरारू’ नावाच्या कौरीचा घेर सुमारे २० मीटर नोंदला गेला होता, म्हणजे आजच्या ताने माहुताहून कितीतरी अधिक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो आगीत गेला. १९०० सालापर्यंत मूळ वनांचा एक दशांशही भाग उरला नव्हता.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर येथे व्याज खाल्ले गेले नाही, मुद्दल खाल्ले गेले. कौरी पक्व व्हायला शेकडो वर्षे लागतात. एका पिढीने पाडलेले झाड पुढच्या वीस पिढ्यांच्या खात्यावर नावे पडते, आणि त्या पिढ्यांना कोणी विचारत नाही. वर्षाअखेरीस गिरणीच्या वहीत नफा दिसे, तो या न लिहिलेल्या कर्जावर उभा होता.

पडलेले वेचणारे

आपल्या मंदिरांच्या भिंतींवर लेश्येचा वृक्ष रंगवलेला असतो. भुकेलेले सहा जण जांभळीपाशी येतात. एक म्हणतो झाड मुळापासून पाडू, दुसरा म्हणतो मोठी फांदी, तिसरा डहाळी, चौथा घोस, पाचवा केवळ फळे; सहावा म्हणतो, खाली पडलेली वेचू, तेवढी पुरेत. कौरीच्या इतिहासात पहिला जसा भेटतो, तसा सहावाही भेटतो असे प्रथमदर्शनी वाटते.

कौरीला जखम झाली की त्यातून राळ पाझरते, घट्ट होते आणि जमिनीवर पडते. हजारो वर्षांत मेलेल्या वनांची राळ माळांखाली आणि दलदलींत पुरली गेली होती. माओरी ती दिव्यासाठी, चघळण्यासाठी आणि गोंदवण्याच्या काळ्या रंगासाठी वापरीत. मग कळले की तिच्यापासून उत्तम व्हार्निश होते, पुढे लिनोलियमही होऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑकलंडची मुख्य निर्यात हीच होती. १८५० ते १९५० या शंभर वर्षांत सुमारे ४,५०,००० टन राळ देशाबाहेर गेली. राळ खणणाऱ्यांत माओरी होते, कर्जबाजारी शेतकरी होते आणि एड्रियाटिक किनाऱ्यावरील डाल्मेशियाहून आलेले शेकडो तरुण होते. हातात फावडे आणि लांब सळई. सळई जमिनीत खुपसायची, टणक लागले की खणायचे. राहायला गोणपाटाचे तंबू. राळ खरवडून साफ करायची, प्रतवारी लावायची आणि दुकानदाराला विकायची. बहुधा त्याच दुकानदाराकडून पीठ आणि चहा उधारीवर घेतलेला असे. हा व्यवहार आपल्या जुन्या पेढ्यांना अनोळखी नाही.

कोणतेही जिवंत झाड न तोडता, केवळ पडलेले वेचून चाललेला हा धंदा. परंतु भाव चढला तसा हात बदलला. खणायला सोपे जावे म्हणून माळ पेटवले गेले. पाणथळ जागांना चर काढून त्यांचे पाणी काढून टाकले गेले. वरवरची राळ संपली, तेव्हा लोक दोर आणि खिळ्यांच्या आधाराने जिवंत कौरीवर चढले आणि नवी राळ गळावी म्हणून त्याच्या अंगावर खाचा पाडू लागले. कित्येक झाडे त्या जखमांनी खंगली. सरकारी वनांत ही प्रथा १९०५ साली बंद करावी लागली.

श्रावकासाठी वर्ज्य ठरवलेली पंधरा कर्मादाने आपण प्रतिक्रमणात वाचतो, आणि त्यांतील काही नावे आज कालबाह्य वाटतात. वनकर्म, दवाग्नि लावणे, सरोवरे व तळी शोषणे: हे असे कोण करतो, असा प्रश्न तरुणांना पडतो. उत्तर न्यूझीलंडचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे याच तीन कर्मांचा व्यापार होय. शास्त्रकारांनी ती वेगवेगळी नोंदवली, पण ती एकमेकांच्या हातात हात घालून येतात, हे येथे दिसते. आणि लेश्येच्या चित्राचा आणखी एक अर्थ लागतो. सहावा मनुष्य शुक्ल लेश्येचा ठरतो, तो खाली वाकला म्हणून नव्हे. ‘तेवढी पुरेत’ म्हणाला म्हणून. ते दोन शब्द गळले की पडलेले वेचणाराही हळूहळू फांदीकडे आणि मग मुळाकडे जातो.

हे शब्द पाळणारी माणसेही याच कुळाच्या सावलीत आहेत. चिली आणि अर्जेंटिनाच्या अँडीज पर्वतात अराउकेरियाला ‘पेवेन’ म्हणतात आणि तेथील लोक स्वतःला पेवेन्चे, म्हणजे पेवेनची माणसे, म्हणवतात. शरद ऋतूत शंकू उलून बिया खाली पडतात. त्या वेचून, भाजून, उकडून किंवा दळून वर्षाची बेगमी होते. झाड आहे तोवर धान्य आहे, हा त्यांचा हिशेब. १९७६ साली चिलीने या वृक्षाला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला.

पायाखालची माती

वायपोआचे वन ब्रिटिश राजवटीने १८७६ साली तेथील माओरींकडून २,००० पौंडांहून थोड्या अधिक किमतीला घेतले. दूर आणि दुर्गम असल्यामुळे त्याचा मोठा भाग करवतीपासून वाचला. १९४० च्या दशकात तेथेही तोड सुरू झाली, तेव्हा विल्यम रॉय मॅकग्रेगर या प्राणिशास्त्रज्ञाने लोकमत जागे केले. हजारो नागरिकांनी सह्यांचे निवेदन दिले आणि १९५२ साली सुमारे ९,००० हेक्टर वन अभयारण्य म्हणून राखले गेले. शेजारच्या वनांसह येथेच आज जगातील उरलेल्या जुन्या कौरींपैकी सुमारे तीन चतुर्थांश आहेत. ते रोरोआ हे येथील मूळ माओरी. त्यांच्या भूमीबाबत झालेल्या अन्यायाची कबुली सरकारने २००८ च्या कायद्याने दिली. आज वनाची राखण करण्यात तेच पुढे असतात. २०१३ च्या दुष्काळात ताने माहुता सुकू लागला, तेव्हा जवळच्या ओढ्यातून १०,००० लिटर पाणी त्याच्या मुळांशी आणण्यात आले.

आता संकट करवतीचे नाही. ते पायांतून येते. फायटॉप्थोरा नावाचा, बुरशीसारखा पण बुरशी नसलेला एक सूक्ष्म जीव ओल्या मातीतून कौरीच्या मुळांत शिरतो. मुळे कुजतात, बुंध्यातून राळ वाहते, पाने पिवळी पडतात आणि झाड उपासमारीने मरते. त्यावर खात्रीचा उपाय नाही. टाचणीच्या डोक्याएवढी माती बुटाला चिकटून गेली तरी हा रोग एका वनातून दुसऱ्या वनात पोहोचतो. २०१८ साली ताने माहुतापासून सुमारे ६० मीटरवर रोगट कौरी आढळला. त्याआधी, २०१७ च्या डिसेंबरमध्ये, ऑकलंडजवळच्या वायताकेरे डोंगरांत तेथील माओरींनी ‘राहुई’, म्हणजे प्रवेशबंदीचे परंपरागत व्रत, जाहीर केले होते: वनाला बरे व्हायला वेळ मिळावा म्हणून माणसाने आपले पाऊल आवरायचे.

म्हणून वायपोआत शिरणाऱ्या प्रत्येकाला प्रथम थांबावे लागते. वाटेच्या तोंडाशी पादत्राणे घासण्याची सोय आहे. तळव्यांच्या खाचांतील माती ब्रशने काढायची, जंतुनाशक द्रावणावर पाय टेकवायचे आणि मगच आत जायचे. परततानाही तेच. आतली वाट जमिनीवरून नव्हे, जमिनीपासून उचललेल्या लाकडी पुलावरून जाते, कारण कौरीची अन्न शोषणारी मुळे अगदी वरच्या थरात, पाऊल पडताच चिरडतील अशी पसरलेली असतात. जैन यात्रेकरूच्या मनात येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे: तो सूक्ष्म जीवही जीवच ना? त्या शंकेचे उत्तर द्रावणात नाही, ते त्या पुलात आणि त्या ब्रशात आहे. माती मुळातच उचलू नये, एका ठिकाणचे जीव दुसरीकडे लादू नयेत. मग मारण्याची वेळच कमी येते. आपल्याकडे साधू-साध्वी चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात, ओघ्याने जागा पुंजून बसतात. या जयणेला काही लोक अतिरेक म्हणतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला एक आधुनिक राष्ट्र आपल्या सर्वांत जुन्या वृक्षासाठी तीच सावधगिरी लाखो पर्यटकांना शिकवीत आहे.

कौरीचे लाकूड कुजायला फार काळ लागतो. २०१९ साली उत्तर न्यूझीलंडमधील न्गावा येथे वीजप्रकल्पासाठी खोदकाम करताना सुमारे ६० टन वजनाचा कौरीचा ओंडका चिखलातून वर आला. ते झाड सुमारे ४२,००० वर्षांपूर्वी दीड हजारांहून अधिक वर्षे जगले होते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्या काळात कसे डळमळले, हे शास्त्रज्ञांनी त्याच्या कड्यांवरून वाचले. एक वर्ष, एक कडे. कोणतीही नोंद खोडलेली नाही, मागाहून भरलेली नाही. अशी खतावणी राखणारा वृक्ष ज्या व्यापाराने दीडशे वर्षांत संपत आणला, त्याच्या वह्या आज बहुतेक हरवल्या आहेत. वायपोआत उरलेली झाडे मात्र आजही दरवर्षी आपले एक कडे लिहीत आहेत. धंदा करणाऱ्या प्रत्येक घराने दिवाळीला नवी वही उघडताना जमा आणि नावे यांच्या शेजारी ‘पुरे’ असा एक रकाना आखावा, एवढीच शिकवण त्या वनातून बरोबर आणण्यासारखी आहे. माती तेवढी आणू नये.